शस्त्रखरेदी: सही कुणाची, जबाब कुणाचा?

संरक्षणावर किती पैसा खर्च होतो, याची चर्चा आपल्याकडे खूप होते. आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. पैसा मंजूर झाल्यापासून शस्त्र जवानाच्या हाती येईपर्यंत निर्णय कोण घेतं? आणि उशीर झाला तर विचारायचं कुणाला?

आधी फ्रान्स बघू. तिथे १९६१ पासून तिन्ही दलांची खरेदी एकच मध्यवर्ती संस्था पाहते. आज तिला 'डीजीए' म्हणतात. तिच्याकडे स्वतःचे इंजिनिअर आहेत, स्वतःची चाचणी केंद्रं आहेत. म्हणजे विकणारा जे सांगतो ते तपासण्याची अक्कल खरेदीदाराकडेच आहे. पैशाचा आराखडाही अनेक वर्षांचा असतो: २०२४ ते २०३० साठी ४१३ अब्ज युरो. तोटा हा, की देशी कंपन्या मोजक्याच. त्यामुळे स्पर्धा कमी.

अमेरिकेत प्रत्येक दल आपापले प्रकल्प चालवतं, आणि लगाम काँग्रेसच्या हाती. १९८२ पासून नन-मॅकर्डी नियम आहे. एका नगाचा खर्च ठरल्यापेक्षा १५ टक्के वाढला तर काँग्रेसला कळवायचं. २५ टक्के वाढला तर प्रकल्प का चालू ठेवायचा, हे संरक्षण खात्याने लेखी पटवून द्यायचं. प्रकल्प बंद क्वचितच पडतात. २०२४ मध्ये 'सेंटिनल' क्षेपणास्त्राचा अंदाज ८१ टक्क्यांनी वाढला, तरी तो चालू राहिला. पण निदान वाढ लपली नाही.

आता भारत. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची खरेदी परिषद २००१ ची, पहिली खरेदी कार्यपद्धती २००२ ची, २०२० मध्ये नवी आली. नियम कमी नाहीत. तरी काय झालं बघा. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, पुढच्याच वर्षी लाचखोरीचे आरोप झाले. त्याच तोफा १९९९ मध्ये कारगिलला उपयोगी पडल्या. पण परदेशी हॉवित्झरचा पुढचा मोठा करार, १४५ एम-७७७ तोफांचा, थेट २०१६ मध्ये झाला! तसंच विमानांचं: २००७ मध्ये १२६ विमानांसाठी निविदा काढली, २०१६ मध्ये करार झाला तो ३६ राफेलचा.

यातून आपल्याला काय दिसतं? आपल्या पद्धतीत सही करणाऱ्याला चौकशीची भीती असते. फाइल अडवून ठेवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. भ्रष्टाचार रोखायलाच हवा, त्यात वाद नाही. पण अमेरिकेत वाढीव खर्चाचा जबाब द्यावा लागतो, तसा आपल्याकडे वाया गेलेल्या वर्षांचाही द्यावा लागला पाहिजे. त्या वर्षांची किंमत सीमेवरचा माणूस मोजत असतो.