तबकडीवरची शिरोरेघ

"उनसठ का माल है साहब. रशियन इंजीनियर छोड़ के गया था."

सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात, जुने चार्जर, नळाच्या तोट्या आणि टीव्हीचे रिमोट पसरलेल्या ताडपत्रीच्या कोपऱ्यात एक घड्याळ पडलं होतं. गोल, जरा जाडसर, काळी तबकडी, इंग्रजी अक्षरांत नाव: राकेता. माझ्या मनगटावर मोबाइलशी बोलणारं काळं चौकोनी यंत्र होतं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मला चावीचं घड्याळ हवं झालं होतं. या वयात माणसांना असं काहीतरी सुचतंच. कोणी बुलेट घेतो, कोणी बासरीचा क्लास लावतो.

विक्रेत्याची गोष्ट भिलाईत खपणारी होती. 2 फेब्रुवारी 1955 रोजी इथल्या पोलाद कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि मधल्या काळात इथल्या माळरानावर रशियन माणसं बायकामुलांसह राहायला आली. मैत्री बागेच्या नावात ती मैत्री अजून आहे. सेक्टर 10 मध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याला कोणी सांगितलं की ही चमच्यांची जोडी रशियन आहे, हा कॅमेरा रशियन आहे, तर आम्ही लगेच मान डोलावतो. त्यामुळेच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्याला ऐकायला आवडणारी गोष्ट विक्रेत्याला आपल्याआधी ठाऊक असते.

भाव साडेतीन हजार. शंभर रुपये अनामत ठेवून, ओळखीच्या माणसाला दाखवून तासाभरात परत आणतो असं ठरवून मी घड्याळ घेऊन निघालो.

ओळखीचा माणूस म्हणजे आमच्या सेक्टरच्या मार्केटमधले घड्याळजी. हातभर रुंदीचं काचेचं टेबल, त्यावर टेबललॅम्प, औषधाच्या बाटलीच्या झाकणात सुटे स्क्रू. आता त्यांचं बरंचसं काम सेल बदलण्याचं आणि पट्टे कापण्याचं. चावीचं घड्याळ पुढे ठेवलं की मात्र ते हात पुसून घेतात.

घड्याळ आधी कानाला लावलं. मग चावी दोन-चार वेळा फिरवली आणि न बघताच म्हणाले, "उनसठ? नाव वाचलंत का?"

राकेता म्हणजे अग्निबाण. लेनिनग्राडजवळच्या पेत्रोद्व्हारेत्सच्या कारखान्यानं हे नाव घेतलं ते यूरी गागारिन अंतराळात जाऊन आल्यावर, आणि गागारिन गेला 12 एप्रिल 1961 रोजी. 1959 मध्ये भिलाईतल्या कोणा इंजिनिअरच्या हातावर राकेता असूच शकत नव्हतं. असतं तर पोबेदा असतं, म्हणजे 'विजय', महायुद्ध जिंकल्यानंतरचं 15 ज्वेलचं साधं घड्याळ. तबकडीवरची इंग्रजी अक्षरं म्हणजे परदेशी विकायला काढलेला माल. इंजिनिअरनं घरून घालून आणलेल्या घड्याळावर रशियन अक्षरं असण्याचा संभव जास्त. आमच्या गोष्टीतला इंजिनिअर पाठ उघडण्याआधीच गेला होता.

तरी म्हटलं, उघडा. नंतरच्या काळातलं का असेना, अस्सल असेल तर घेऊ.

घड्याळाची पाठ उघडणं हे सगळ्यात जपून करायचं काम. घाईत हत्यार सटकलं की झाकणावर कायमचा ओरखडा उठतो. असे ओरखडे किती आणि कसे आहेत यावरून आधीच्या कारागिरांचे हातही कळतात, हे मला त्या दिवशी समजलं. या झाकणावर ते भरपूर होते. आत मशीन. मूव्हमेंट हा शब्द आपण पुस्तकातून उचलतो, दुकानात तिला मशीनच म्हणतात. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, बॅलन्स-चाकाच्या बाजूला चिमट्याचं टोक नेलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. तिथे बारीक आकडा होता: 2409.

सोव्हिएत मशीनच्या आकड्यात एक सोय आहे. पहिले दोन आकडे मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, शेवटचे दोन त्याची करामत. 09 म्हणजे सेकंदकाटा मधोमध आणि धक्क्यापासून संरक्षण, 14 म्हणजे त्यात तारीखही, 16 म्हणजे तारखेसह ऑटोमॅटिक. राकेतात हवं होतं 26 मिलिमीटरचं, 2609 सारखं मशीन. हे 24 चं. 2409 हे वस्तोकचं मशीन, पार तातारस्तानातल्या चिस्तोपोलच्या कारखान्याचं. दोन मिलिमीटरचा फरक भरून काढायला कोणीतरी मशीनभोवती कागदाची पट्टी गुंडाळली होती. पट्टीवर छापील अक्षरं होती, बहुधा कॅलेंडरची. तबकडीचे दोन पाय, जे मशीनच्या भोकांत बसून स्क्रूनं आवळले जातात, ते कापलेले. तबकडी डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेली.

"चालतंय मात्र छान," घड्याळजी म्हणाले. त्यात उपहास नव्हता. मशीन खरोखर चांगलं होतं.

असल्या घड्याळांचं मोठं दुकान मुंबईच. तिथून रंगवून, जुळवून निघालेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. मला यात थोडा अन्याय वाटतो. आपल्या हवेत तबकडी टिकत नाही. पावसाळ्यात काचेखाली दमट हवा शिरते, रंगाला पोपडे येतात, डाग पडतात. घड्याळ एकच असायचं, ते मुलाला मिळायचं. मग ते दुकानात देऊन तबकडी रंगवून आणणं म्हणजे कपाटाला पॉलिश करण्यासारखंच. फसवणूक सुरू झाली ती तीच रंगवलेली तबकडी 'ओरिजिनल' म्हणून विकायला लागल्यावर.

शंभर रुपये परत मिळाले नाहीत. ते शिकवणीचे धरले.

पुढचे दोन-तीन आठवडे मी एचएमटीच्या मागे लागलो. तेच शहाणपणाचं होतं. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला सुरू झालेला हा सरकारी कारखाना, 2016 मध्ये केंद्रानं तो बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि मधल्या काळात देशातल्या किती लग्नांत नवरदेवाच्या हातावर जनता, पायलट नाहीतर सोना चढलं याला गणती नाही. बाजारात ही घड्याळं पोत्यानं आहेत. पोपटी तबकडीची, नारिंगी तबकडीची, भगव्या-निळ्या पट्ट्यांची. कारखान्यात कोणी पाहिली नसतील अशी.

इथे मला एक गोष्ट सापडली जी इंग्रजीतून शिकणाऱ्या परदेशी संग्राहकाला सहज साधणार नाही. एचएमटीच्या अनेक तबकड्यांवर घड्याळाचं नाव देवनागरीत असतं. आणि देवनागरी खोटी लिहिली की आपल्याला कळते. रंगवलेल्या एका 'जनता'वर भिंग धरलं तर शिरोरेघ न वरून सुरू होऊन त पाशी खाली झुकलेली, ज चा काना जाड, त ची शेपटी शाईनं भरून आलेली. अक्षर वाचता येत होतं, पण ते कोणीतरी चित्र म्हणून काढलं होतं. कारखान्यातल्या छपाईत रेघ एकसारख्या जाडीची, धारदार असते. तळाशी सहाच्या आकड्याजवळची बारीक इंग्रजी अक्षरं तर रंगवणारे बहुतेक वेळा वाकडी तरी छापतात, नाहीतर गाळून टाकतात. मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी जुळतात का, तेही पाहायचं. पण मी आधी शिरोरेघ पाहतो. पहिलीच्या बाईंनी पट्टी घेऊन गिरवून घेतली होती, ती अशी कामी आली.

घड्याळ शेवटी मिळालं ते आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील मेल्टिंग शॉपमधून निवृत्त. काकूंनी चहा आणला तेव्हा मी घड्याळाचं गाऱ्हाणं सांगत होतो. काका उठले, कपाटातून रुमालात गुंडाळलेलं जनता घेऊन आले.

"एवढं फिरून राहिला बापा, मला विचारलं असतं. 78 चं आहे. सासऱ्यानं लग्नात देल्लं."

"विकणार तुम्ही?"

"पोरगा तर घालत नाही. आठशे दे. फुकट देलं तर तू सांभाळणार नाहीस."

तबकडी पिवळसर झाली होती, तीनच्या आकड्याजवळ तपकिरी डाग. शिरोरेघ सरळ. केसचा क्रोम पट्ट्याच्या दांड्यांपाशी उडून खालचं पितळ दिसत होतं. जिथे मनगट आणि घाम लागतो तिथेच झिजलं होतं, आणि तशी झीज बाजारात करून मिळत नाही. एकच तक्रार काकांनी स्वतःहून सांगितली: "हे पुढं पळते. सकाळी रेडिओवर लावलं का रात्रीपर्यंत आठ-दहा मिनिटं पुढं. पण त्याच्यानं मी फर्स्ट शिफ्टला कधी लेट झालो नाही."

घड्याळजींनी पाठ उघडली. मशीनवर नंबर 0231, 17 ज्वेल्स, सगळे स्क्रू एकाच जातीचे, खाचा न खरवडलेल्या. झाकण उलटं करून त्यांनी दिव्याखाली तिरपं धरलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेले आकडे होते, केसाएवढे बारीक: 11/83. त्याखाली वेगळ्या हाताचं 4/91. मग एक अक्षर आणि 98. प्रत्येक वेळी घड्याळ धुऊन, तेल देऊन बंद करताना कारागीर अशी खूण करतो, म्हणजे गिऱ्हाईक परत भांडायला आलं तर आपण कधी हात लावला ते कळतं. सासऱ्यांनी 78 मध्ये दिलं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण पाच वर्षांनी पहिली सर्व्हिसिंग, मग सात-आठ वर्षांच्या अंतरानं पुढची, हा हिशेब काकांच्या बोलण्याशी जुळत होता.

मग त्यांनी खणातून शाळेतल्या कंपासपेटीतलं वाटावं असं एक लहान होकायंत्र काढलं आणि घड्याळाच्या काचेवर ठेवलं. सुई थरथरली आणि बाजूला वळून बॅलन्सच्या दिशेनं थांबली.

"काका कुठे होते, प्लांटमध्ये?"

मी सांगितलं.

"मग बरोबर. तिथे भंगार उचलायला चुंबकाची क्रेन असते."

चावीच्या घड्याळाचा प्राण म्हणजे बॅलन्सवरची केसासारखी स्प्रिंग. तिचे वेढे मोकळे असले तर या मशीनचं चाक ताशी 18,000 ठोके देतं, सेकंदाला पाच. चुंबकत्व आलं की वेढे एकमेकांना चिकटायला बघतात, स्प्रिंगची लांबी जणू कमी होते, चाक लवकर परततं आणि घड्याळ पुढे पळतं. इलाज काही सेकंदांचा. घड्याळजींनी निळ्या डबीसारखं डिमॅग्नेटायझर प्लगला लावलं, बटण दाबून घड्याळ त्याच्यावर धरलं आणि बटण तसंच ठेवून ते हळूहळू, दोन हात लांब नेलं. लांब न्यायच्या आधी बटण सोडलं तर उलट चुंबकत्व कायम राहतं. होकायंत्र पुन्हा ठेवलं. सुई उत्तरेलाच राहिली.

धुणं, तेल, नवी काच धरून सहाशे रुपये. तबकडीला हात लावायचा नाही असं मी बजावलं. ते म्हणाले, "मी लावणारही नव्हतो." तो तपकिरी डाग आहे तसाच आहे.

आठवड्यानं घड्याळ घालून काकांकडे गेलो. आठ दिवसांत दीड मिनिटाच्या आत होतं. काकांनी माझं मनगट धरून चष्म्यापाशी नेलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, परत मनगटाकडे. दोन्हींत एकच वेळ होती.

"हे तर हळू चालून राहिलं," ते म्हणाले. "काय बिघडवलं त्यानं?"