घर आपले, जागा कुणाची?

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागले की शहर संपता संपता कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव गेल्या वीस वर्षांत दोन वेळा देशभराच्या बातम्यांत झळकले आणि दोन्ही वेळा ते घरांमुळेच झळकले. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांचे लोकार्पण झाले. गोदूताई परुळेकरांचे नाव या वसाहतीला दिलेले आहे. त्यानंतर ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी याच परिसरात रे नगरच्या तीस हजार घरांची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण केले. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, वाहनचालक अशा असंघटित कष्टकऱ्यांची ही घरे आहेत. या दोन्ही प्रकल्पांमागे माजी आमदार नरसय्या आडम यांचा अनेक वर्षांचा लढा आहे. त्यांना सोलापूरकर ‘आडम मास्तर’ म्हणतात.

आंबेडकरी चळवळीचे आणि कम्युनिस्टांचे मतभेद जगजाहीर आहेत. ते आजही आहेत आणि या लेखात ते उगाळण्याचे कारण नाही. पण कुंभारीच्या माळावर जे घडले त्यातली एक साधी गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहिली पाहिजे. तिथे विडी कामगार बाई हातात अर्ज घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात एकटी उभी राहिली नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, जमीन आधी संस्थेच्या नावावर आली, आणि घरांचा प्रश्न मग आला. एवढा मोठा प्रकल्प उभा राहतो तेव्हा संपूर्ण आराखडा एकदम मंजूर होतो. दहा हजार लोकांना दहा हजार वेळा ‘उतारा आणा’ असे कुणी म्हणत नाही.

आणि आपल्या वस्तीत काय होते? रमाई आवास योजनेत घरकुल मंजूर होते. यादीत नाव येते, पेढे वाटले जातात, जुने पत्र्याचे घर पाडून पाया खोदायचा दिवस ठरतो. मग ग्रामसेवक म्हणतात, जागेचा उतारा द्या, बांधकाम परवानगीचा अर्ज करा. (२०२४ पासून ग्रामसेवकांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. कपाटाची किल्ली मात्र त्यांच्याकडेच आहे.) उतारा म्हणजे काय, तर ज्या जागेवर आजोबा मेले, बाप मेला, त्या जागेवर तुमचे नाव असल्याचा कागद. तो नसतो. माझ्याकडे वकील म्हणून येणाऱ्या माणसांत अशी प्रकरणे मला सतत दिसतात. घर बांधू नका, असे त्यांना कुणी म्हटलेले नसते. फक्त कागद मागितलेला असतो, आणि मंजूर घरकुल दप्तरात पडून राहते. गावात जातीचे नाव घेऊन नकार देण्याचे दिवस अनेक ठिकाणी सरले. आता नकार ‘अपूर्ण कागदपत्रे’ या दोन शब्दांत बसतो.

हा अर्ज नेमका कसा चालतो हे कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावात घर बांधायला किंवा पुन्हा बांधायला पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. परवानगी नाकारायची असेल तर पंचायतीने ती लेखी आणि कारणे देऊन नाकारली पाहिजे, आणि ठरलेल्या मुदतीत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही, १९६६ पासून, कलम ४५ मध्ये साठ दिवसांची तशीच तरतूद आहे. गावठाणाच्या बाहेर गेलात की जिल्हाधिकारी, नगररचना, अकृषिक परवानगी असे चक्र सुरू होई. ते गेल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सैल होत गेले. गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतील जमिनींसाठी महसूल संहितेत कलम ४२-ड आले. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केले की ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचना विभागाकडे जावे लागणार नाही. सोळाशे फुटांपर्यंत तर फक्त कागद ग्रामपंचायतीत द्यायचे आणि पोच घ्यायची. त्यापुढे ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र द्यायचे.

वाचायला हे सगळे छान वाटते. घरकुल तर २६९ चौरस फुटांचे. मग अडचण कुठे आली? द्यावयाच्या कागदांच्या यादीत पहिलाच कागद मालकी हक्काचा आहे. नकाशा इंजिनिअर काढून देतो, त्याचा दाखला पैसे मोजून मिळतो, विकास शुल्क भरता येते. मालकी कुठल्या दुकानात मिळणार? सवलत ज्याच्याकडे आधीच उतारा आहे त्याला मिळाली. वस्तीतला माणूस होता तिथेच राहिला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकजण ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतात आणि म्हणतात, ‘वकीलसाहेब, घरपट्टी तीस वर्षे भरतोय, माझे नाव आहे.’ नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून ताबा आणि वहिवाट दाखवता येते. मालकी तेवढ्याने सिद्ध होत नाही. तरीही तो उतारा जपून ठेवा, कारण ताब्याचा तारखेनिशी पुरावा म्हणून पुढे तोच कामाला येतो. त्यावर पती-पत्नी दोघांचे नाव लावून घ्या. घराच्या नोंदीत बाईचे नाव नसणे हे आपल्या वस्त्यांतही सर्रास दिसते आणि त्याचे खापर मनुवाद्यांवर फोडता येणार नाही.

कागद का नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. गावकुसाबाहेर राहणे हा आपल्या आजा-पणजाचा हौसेचा निर्णय नव्हता. महार वतनाने जमिनीचा तुकडा दिला आणि त्या बदल्यात संपूर्ण गावाची व सरकारची वेठ लादली. तो तुकडाही भाऊबंदकीत वाटता वाटता पायाखाली मावेनासा झाला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली, जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, म्हणजे शासनाच्या परवानगीवाचून विकता न येणाऱ्या आणि बिगरशेती करायला नजराणा मागणाऱ्या. दरम्यान माणसे वाढली, वस्ती गावठाणाच्या रेषेपलीकडे सरकली. पुढे जागा होती ती गायरानाची, पड सरकारी जमीन. काहींनी पोटाला चिमटा काढून एखादा गुंठा घेतला, पण तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्याशा जागेचा दस्त नोंदवला जात नसे. मग स्टॅम्पपेपरवर नोटरी करून पैसे दिले. तो कागद लोखंडी पेटीत आहे. परवानगीच्या अर्जाला तो चालत नाही.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. त्यासाठी वसाहत आयोग नेमावा, पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्यावी आणि दरवर्षी पाच कोटी रुपये द्यावेत, अशी त्यांची तरतूद होती. हा मसुदा एका घटनातज्ज्ञाने लिहिलेला आहे, हे लक्षात घ्या. घराआधी त्यात जमीन येते, आणि जमीन कुणाच्या ताब्यात असावी हे त्यात आधी ठरते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तेव्हा पडीक जमीन कसणाऱ्यांच्या नावावर करण्याची मागणी त्यात अग्रभागी होती. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तो याच लढ्याच्या वाटेवर. राहत्या घरांच्या प्रश्नाला मात्र तेवढा रेटा कधीच मिळाला नाही.

कायद्यात वाट नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल गायरानावरून लोकांना उठवण्यासाठी नेहमी पुढे केला जातो. नोटिशीत त्याचा उल्लेख असतो, तहसीलदार तोंडपाठ सांगतात. पण त्या निकालाचा शेवटचा भाग सहसा कुणी वाचून दाखवत नाही. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणी नियमितीकरणाचा विचार करता येईल, असे न्यायालयाने तिथे म्हटले आहे. अपवाद मर्यादित आहे हे मी वकील म्हणून सांगितलेच पाहिजे. नुसता ताबा पुरत नाही, शासनाचा काहीतरी आदेश हातात लागतो. म्हणूनच २०१८ च्या शासन निर्णयाला महत्त्व आहे. ग्रामीण भागात सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून असलेली निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करावीत, असे त्यात ठरले. महसूल संहितेचे कलम ५१ अतिक्रमण नियमित करण्याचा अधिकार देते, आणि कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आहे. वस्ती गावठाणात घ्यायची की बाहेर ठेवायची हे निसर्गाने ठरवलेले नाही.

ती हद्द आज पुन्हा एकदा पक्की होते आहे. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावापासून ड्रोनने गावठाण मोजणीचा प्रयोग सुरू झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत तो देशभर गेला. मोजणीनंतर घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते, तिच्यावर बँकेचे कर्ज मिळू शकते, परवानगीचा अर्ज सुटतो. मात्र ही मोजणी गावठाणातल्या वस्तीची. ड्रोनला जात कळत नाही हे खरे, पण हद्दीच्या आत काय आणि बाहेर काय हे त्याला आधी कुणीतरी सांगितलेले असते. ज्या गावांत मोजणीच्या वेळी आपले लोक कामावर गेले होते, तिथे पत्रिका वाटपाच्या दिवशी आपली आळी नकाशातच नव्हती असे आढळू शकते. हे नंतर दुरुस्त करायला वर्षे लागतात.

साता समुद्रापार अमेरिकेतही हेच दुखणे आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी घेतलेल्या जमिनी मृत्युपत्राविना वारसांत वाटल्या गेल्या. कुणाच्याच नावावर स्पष्ट मालकी राहिली नाही. २००५ साली कतरिना वादळात घरे गेली तेव्हा अशा हजारो कुटुंबांना दुरुस्तीची सरकारी मदत मिळवताना मालकीच्या कागदावर अडावे लागले. तिथल्या आपत्ती निवारण संस्थेने २०२१ मध्ये नियम बदलून इतर पुरावे आणि शेवटचा उपाय म्हणून स्वयंघोषणापत्रही ग्राह्य धरायला सुरुवात केली. सोळा वर्षे लागली, पण नियम बदलला.

आपण मात्र विहाराच्या स्लॅबसाठी वर्गणी गोळा करतो, जयंतीची कमान उभारतो, आणि ज्या जागेवर विहार उभे आहे तिचा सातबारा कुणाच्या नावे आहे हे अध्यक्षालाही ठाऊक नसते. सार्वजनिक जागेवर नव्या धार्मिक बांधकामाला सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच मनाई केली आहे. उद्या नोटीस आली की मोर्चा निघेल. पण मोर्च्याला उतारा जोडता येत नाही. निळ्या झेंड्याखाली शंभर माणसे जमवणाऱ्या कार्यकर्त्याला शंभर घरांचे नमुना आठ एका फाईलमध्ये जमवणे जड जाऊ नये. जमवलेच पाहिजेत.

मुद्दा असा की, वस्तीतल्या प्रत्येकाने वेगळा अर्ज करून वेगळा नकार घेण्यापेक्षा वस्तीने एकत्र मागणी करावी: आमची वस्ती गावठाणात घ्या, २०११ पूर्वीची घरे नियमानुकूल करा, मोजणी करा. कुंभारीच्या बायकांनी जे संस्थेच्या नावावर केले ते आपण ग्रामसभेच्या ठरावावर सुरू करू शकतो. त्याचबरोबर ज्याचे घरकुल मंजूर आहे त्याने परवानगीचा अर्ज लेखी द्यावाच आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत फिरू नये. नकार असेल तर लेखी मागावा, कारण अपील लेखी आदेशावरच करता येते. मानीव परवानगीच्या भरवशावर सरकारी जागेवर विटा रचू नयेत. मुदत उलटून मिळालेली परवानगी बांधकामापुरती असते, जमिनीची मालकी तिने येत नाही आणि कलम ५० ची नोटीस तिने थांबत नाही.

ग्रामसभेत ठराव मांडताना सर्व्हे नंबर, चतुःसीमा, घरांची संख्या आणि प्रत्येक घराचा ताब्याचा सर्वात जुना पुरावा लिहून न्या, आणि इतिवृत्त तुमच्यासमोर लिहून घ्या. ‘सदर विषयावर चर्चा झाली’ एवढ्यावर मिटवलेले ठराव मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात काहीही करू शकत नाहीत.