मतयंत्र, सात सेकंदांची चिठ्ठी आणि हिशेबतपासणी

७ मे २०२४ रोजी मी आयुष्यातले पहिले मत दिले. लोकसभेची निवडणूक होती आणि सोबत आजोबा होते. केंद्राबाहेर आल्यावर बोटावरची शाई वाळवत त्यांनी मला विचारले, "तुला ती चिठ्ठी दिसली काय रे?"

"दिसली की. नाव, चिन्ह, सगळं."

"मला नुसता दिवा दिसला अन् पीं असा आवाज आला. खिशातनं चष्मा काढेपर्यंत चिठ्ठी गेली खाली. आता माझं मत कुठं पडलं ते त्या पेटीलाच ठाऊक!"

आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. निवडणुकीचे काम त्यांनी कितीतरी वेळा केलेले. त्यातली १९९६ सालची आठवण ते नेहमी सांगतात. त्या वर्षी सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून आपल्या बेळगाव लोकसभा मतदारसंघात उमेदवारांचा पाऊस पाडला गेला आणि रिंगणात तब्बल ४५६ जण उरले. "मतपत्रिका कसली, वहीच ती!" असे आजोबा म्हणतात. (त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर गेली. आजच्या नव्या यंत्राला चोवीस बॅलट युनिटे जोडली तरी 'नोटा' धरून ३८४ नावेच बसतात, म्हणजे आमचे ४५६ त्यातही मावणार नाहीत!) तर असा हा माणूस, ज्याने कागदाची ती वही हाताळली, तो यंत्रावर विश्वास ठेवायला तयार नाही. उलट वर्गातले आम्ही बहुतेकजण यंत्र म्हटले की ते बरोबरच असणार असे धरून चालतो. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटल्या, म्हणून थोडे वाचन केले. ते वाचकांपुढे ठेवतो.

यंत्राची रचना सोपी आहे. मतदान अधिकाऱ्यापुढे कंट्रोल युनिट, पडद्याआड बॅलट युनिट आणि आता त्याशेजारी चिठ्ठी छापणारे व्हीव्हीपॅट. अधिकाऱ्याने बटण दाबून परवानगी दिली की एकच मत नोंदवता येते. ही यंत्रे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या बनवतात.

या यंत्राचा पहिलाच प्रयोग कोर्टात जाऊन पडला, हे पुष्कळांना माहीत नसते. मे १९८२ मध्ये केरळातील परवूर विधानसभा मतदारसंघात ८४ पैकी ५० केंद्रांवर यंत्रे ठेवली होती. कम्युनिस्ट पक्षाचे शिवन पिल्लै यांनी निवडणुकीआधीच यंत्रांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती, पण ती फेटाळली गेली. पुढे गंमत अशी झाली की तेच १२३ मतांनी निवडून आले आणि यंत्रांविरुद्ध कोर्टात जाण्याची पाळी पराभूत काँग्रेस उमेदवार ए. सी. जोस यांच्यावर आली! १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पन्नास केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावले आणि त्यात जोस जिंकले. पण न्यायालयाने यंत्र खोटे ठरवले नव्हते. कायद्यात यंत्राला आधारच नाही, एवढेच म्हटले होते. तो आधार १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात आला. पुढे १९९९ मध्ये गोवा विधानसभेची अख्खी निवडणूक यंत्रांवर झाली आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व जागांची. यंत्रावरचा अविश्वास हरणाऱ्याला सुचतो हे खरे, पण परवूरची गोष्ट वाचली की जिंकणाऱ्यालाही तो आधी सुचलेला असतो हे कळते.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबतपासणीकडे येतो.

व्यापारी प्रामाणिक आहे म्हणून कोणी त्याची वही न तपासता मान्य करत नाही, आणि तपासणीस आला म्हणून व्यापारी चोर ठरत नाही. सही करण्याआधी तपासणीस दोन गोष्टी बघतो. एक, दुकानातली कामाची वाटणी अशी आहे काय की एका माणसाला एकट्याने लबाडी करता येऊ नये. दोन, वहीतल्या नोंदीला पावती आहे काय.

पहिल्या बाबतीत आपली व्यवस्था बरी आहे. कोणते यंत्र कोणत्या मतदारसंघात आणि मग कोणत्या केंद्रावर जाणार हे दोनदा चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मते टाकून यंत्राची चाचणी होते. संध्याकाळी यंत्रात एकूण किती मते पडली त्याचा १७-क नमुन्यातला हिशेब प्रतिनिधींना मिळतो. मोजणीच्या दिवशी आकडा जुळला नाही तर तो कागद पुढे करता येतो. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद आणि त्यांच्या दोन परदेशी सहकाऱ्यांनी आतला भाग बदलून यंत्राचा निकाल फिरवता येतो हे करून दाखवले. मात्र त्यासाठी यंत्र उघडून हातात घ्यावे लागले. म्हणजे प्रश्न तिजोरीची किल्ली कुणाकडे, याचा झाला. असो.

दुसरी गोष्ट पावतीची. २०१३ पर्यंत यंत्राला पावतीच नव्हती. रोजकीर्द नाही, खतावणी नाही, एकदम ताळेबंद! त्या वर्षी नागालँडमधल्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले. २०१७ मध्ये गोव्यात सर्व मतदारसंघांत आणि २०१९ मध्ये देशभर ते आले. चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांची मोजणी यांत फरक पडला तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांची मोजणी खरी धरतात.

मात्र सर्व चिठ्ठ्या मोजत नाहीत. एप्रिल २०१९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रे निवडून तिथल्याच मोजतात. म्हणजे नमुना तपासणी. पाच पुरे की नाहीत? हे भांडण आमच्या वर्गात दोन तास चालले. शेवटी मी वही घेऊन बसलो. समजा, एका विधानसभा क्षेत्रात २५० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी २५ यंत्रे बिघडवलेली आहेत. पाच केंद्रे उचलली तर त्यांत निदान एक वाईट यंत्र सापडण्याची शक्यता शेकडा ४१ येते. वाईट यंत्रे पाचच असतील तर शेकडा दहाच्याही आत. आता लोकसभा घ्या. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रे, म्हणून चाळीस केंद्रे तपासली जातात. प्रत्येक क्षेत्रात २५ वाईट यंत्रे धरली तर निदान एक सापडण्याची शक्यता शेकडा ९८ च्या पुढे जाते. पाच-पाच धरली तरी ५५ च्या वर.

म्हणजे सरसकट मोठी लबाडी लोकसभेत लपणे जवळजवळ अशक्य आहे. पण विधानसभेच्या अटीतटीच्या जागेवर, जिथे चार-पाच केंद्रांवर निकाल फिरू शकतो, तिथे पाचाचा नमुना तोकडा पडतो. माझ्या मते मतांचे अंतर जितके कमी तितकी जास्त केंद्रे मोजावीत. तपासणीसही जिथे जोखीम जास्त तिथे जास्त पावत्या बघतोच.

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परत जाण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत अर्ज केला, तर विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी करण्याची सोय करून दिली. तपासणार कोण? यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते. इथे मात्र मी अडखळलो. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासायची नाही, हे आम्हाला अगदी सुरुवातीलाच शिकवतात.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी वेगळीच कसोटी लावली. तिथे २००५ च्या निवडणुकीत वापरलेल्या यंत्रांत चूक सिद्ध झाली नव्हती, म्हणून निवडणूक रद्द झाली नाही. तरीही ती यंत्रे घटनाबाह्य ठरली. कारण तज्ज्ञ नसलेल्या सामान्य नागरिकालाही मतदानाचे आणि मोजणीचे मुख्य टप्पे स्वतः पडताळता आले पाहिजेत, असे न्यायालय म्हणाले. त्या यंत्रांना आपल्यासारखी चिठ्ठी नव्हती, हा फरक विसरू नये. तरी हे वाचताना मला खिशात चष्मा चाचपणारे आजोबा आठवले.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने आपल्यापुरते कागदावर पुन्हा मतदान करून बघायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. त्या मतदानाला कायद्याचे बळ नव्हते हे उघड आहे. पण एका गावाला आपलीच मते पुन्हा मोजून बघावीशी वाटली, ती का, याचे उत्तर जमावबंदीने मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानेही स्थानिक संस्थांच्या निवडणुका मतपत्रिकेने घ्याव्यात अशी शिफारस केली. मला ते पटलेले नाही. केंद्र ताब्यात घेऊन शिक्क्यावर शिक्के मारल्याच्या कागदी काळातल्या गोष्टी आजोबांकडूनच ऐकल्या आहेत. यावर कन्नड विभागातला माझा मित्र म्हणाला, "लेक्क बरोबर असेल तर दाखवायला काय हरकत?" कागद की यंत्र यापेक्षा त्याचा प्रश्न मला नेमका वाटतो.

हा लेख देण्याआधी आजोबांना वाचून दाखवला. ४१ टक्क्यांच्या गणितापाशी त्यांनी थांबवले, वही मागवून घेतली आणि गुणाकार पुन्हा करून बघितला. बरोबर निघाला. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला आत जायच्या आधी मला चष्मा घालायला सांग."