प्रसूतिविचार : लेखांक सहावा – पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद

पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, हा आपल्याकडील शिरस्ता मुंबईतील चारकोपसारख्या वसाहतीत आजही बराचसा टिकून आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने येथे भूखंड आखले गेले आणि त्यांवर लहान लहान सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येक घरांची मुळे कोकणात आहेत. सून सातव्या महिन्यात कुडाळला किंवा चिपळूणला जाते, तेथे काही निमित्ताने सिझर होते, बाळाला घेऊन ती यथावकाश सेक्टरमधील घरी परतते, आणि त्या शस्त्रक्रियेचा लेखी वृत्तांत मात्र तिकडेच राहून जातो. दुसऱ्या खेपेस येथील डॉक्टर विचारतात की, पहिले सिझर कशासाठी झाले? तेव्हा उत्तर बहुधा आई किंवा सासूबाई देतात, आणि ते ‘पाणी आटले होते’ किंवा ‘नाळेचा फास बसला होता’ एवढ्यावर संपते. या खेपेस कळा येऊ देऊन नैसर्गिक मार्गाने प्रसूतीचा प्रयत्न करावा की ठरवून पुन्हा सिझर करावे, हा आजचा विषय असून, त्याचा निर्णय अशा अर्ध्या वाक्यावर करता येत नाही, हे प्रारंभीच नमूद करतो.

एकदा सिझर झाले की पुढे नेहमीच सिझर, हे मत न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली मांडले. त्यांचा रोख वस्तुतः पहिलेच सिझर जपून करा, असे बजावण्याकडे होता. परंतु इशारा मागे पडला आणि नियम तेवढा उरला. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत, आणि तोही कळांच्या वेळी जोराने आकुंचन पावणाऱ्या वरच्या भागावर. तो व्रण पुढील खेपेस उसवण्याची धास्ती रास्तच होती. पुढे १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या, पातळ आणि तुलनेने निश्चल भागावर आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि आज बहुतेक सर्व सिझर त्याच रीतीने होतात. मात्र पोटाच्या कातडीवरील व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल, असे मानणे धोक्याचे आहे. त्याचा खात्रीचा दाखला केवळ शस्त्रक्रियेच्या टिपणात मिळतो. २००२च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, परंतु ते जपून ठेवण्याची मुदत फक्त ३ वर्षांची आहे. तस्मात दोन मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर ठेवू इच्छिणाऱ्या जोडप्याने तो कागद आजच मागवून घेतलेला बरा.

छेद आडवा, सिझर एकच आणि अन्य अडचण नाही, अशा शंभर स्त्रियांनी प्रयत्न केला तर सुमारे ७२ ते ७५ जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते; सिझरपूर्वी वा सिझरनंतर एखादे बाळंतपण तसे सुखरूप झालेले असेल, तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. व्रण उसवण्याचा संभव सुमारे २०० मध्ये १. आकडा लहान आहे, परंतु ज्या घरावर तो प्रसंग येतो त्याला तो लहान वाटत नाही. कृत्रिम रीतीने कळा आणविल्या किंवा वाढविल्या तर हा संभव दुपटी-तिपटीने वाढतो. पहिल्या सिझरचे कारण काय, यालाही मोठे महत्त्व आहे. मूल पायाळू होते किंवा वार खाली आली होती, तर ते कारण त्या गर्भापुरते होते, पुन्हा उद्भवेलच असे नाही. तासन् तास कळा देऊनही मूल खाली सरकलेच नाही, तर यशाची आशा काहीशी कमी धरावी लागते, संपत मात्र नाही.

आता स्थळाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी मेख येथेच आहे. व्रण उसवू लागल्याची पहिली खूण पुष्कळदा बाळाच्या ठोक्यांत दिसते, म्हणून कळा सुरू झाल्यापासून ठोक्यांचा आलेख अखंड चालू हवा. आणि गरज पडताच भूल देणारे डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व रक्त, तिन्ही विनाविलंब मिळावयास हवीत. लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. पावसाळ्यातील संध्याकाळी लिंक रोडवरून ते किती वेळात पोचतील, हे चारकोपकरांस सांगावयास नको. अशा ठिकाणचे डॉक्टर नकार देतात तेव्हा त्यात प्रत्येक वेळी पैशाचा लोभ शोधणे अन्यायाचे होईल. संशयाला जागा नाही, असे मात्र नव्हे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचे आढळले, आणि एवढी तफावत केवळ अवघड केसेसनी उलगडत नाही. मार्ग असा की, सातव्या महिन्यातच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: आपल्याकडे अशा किती स्त्रियांना कळा येऊ देता, आणि रात्री दोन वाजता भूल कोण देते? उत्तर असमाधानकारक असेल तर केईएम, नायर, शीव किंवा कूपरसारख्या, वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आणि निवासी डॉक्टर अहोरात्र हजर असणाऱ्या रुग्णालयात वेळीच नाव नोंदवावे.

पुन्हा ठरवून सिझर करणे हाही भित्रेपणा नव्हे. पहिल्या खेपेची रात्र ज्या स्त्रीला अद्याप झोपेत दचकवते, तिच्या भीतीला निर्णयात पूर्ण वजन आहे. तिसरे मूल हवे असल्यास मात्र थांबून विचार करावा, कारण प्रत्येक सिझरबरोबर पुढील वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा आणि त्यापायी अनावर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. पंचांग पाहून मुहूर्त काढणाऱ्यांना एवढीच विनंती की, तो ३९ आठवड्यांच्या अलीकडचा काढू नये. पत्रिकेतले ग्रह अनुकूल असले तरी बाळाची फुप्फुसे त्यांची वाट पाहत नाहीत.

ज्यांचे पहिले बाळंतपण नैसर्गिक मार्गाने झाले, पण गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटून टाके पडले, त्यांचा प्रश्न निराळा. पुन्हा तशीच इजा होण्याचा संभव १०० मध्ये ५ ते ७ इतका असतो. परंतु शौचावर वा वायूवर ताबा राहत नसेल, तर सिझरचा विचार करणे सयुक्तिक ठरते. ही तक्रार बायका सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनीच विचारावी.

शेवटी एक बाब, जी आधी बोलून ठेवली जात नाही. ठरवून सिझर करावयाचे, अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला नेमलेल्या तारखेपूर्वीच कळा सुरू होतात. त्या वेळी लगेच शस्त्रक्रिया करावयाची की मार्ग चांगला उघडला असल्यास प्रसूती होऊ द्यावयाची, याचा खुलासा डॉक्टरांशी आगाऊ करून तो फाईलीत लिहवून घ्यावा, आणि त्या फाईलीची एक प्रत नवऱ्याच्या मोबाइलमध्येही असू द्यावी.