परीक्षेवाचून पारख

मुलांस विज्ञानाची गोडी लागावी म्हणून सरकारने एखादी योजना काढल्याचे वृत्त आले, की आपल्याकडील पालक प्रथम तिचा अभ्यासक्रम विचारतात आणि मागोमाग शिकवणीवर्गाचा पत्ता. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १३ डिसेंबर २००८ रोजी सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेविषयी जे गैरसमज रूढ आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ या सवयीत आहे. कारण गुणी विद्यार्थी हुडकण्यासाठी कोणत्याही टप्प्यावर स्वतंत्र स्पर्धापरीक्षा घ्यावयाची नाही, हे जे तिचे वैशिष्ट्य, त्यावरच आपला अद्याप विश्वास बसलेला नाही.

तिच्या ‘मानक’ या शालेय शाखेबद्दल, हा वर्गातील पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांचा सन्मान होय, अशी समजूत फार दृढ आहे. वस्तुतः येथे गुणपत्रिकेची पृच्छाच होत नाही. सहावीपासून पुढच्या इयत्तांतील विद्यार्थ्याने घरातील, शेतातील वा रस्त्यावरील एखादी अडचण हेरून तिच्या निवारणार्थ स्वतः सुचविलेली कल्पना तेवढी पाहिली जाते, आणि ती कोणत्याही भारतीय भाषेत लिहिण्याची मुभा असल्याने इंग्रजीवाचून कोणाचे अडण्याचे कारण नाही. देशभरातून सुमारे १० लाख कल्पना मागवाव्यात, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानामार्फत छाननी करून त्यांतील १ लाख जिल्हा प्रदर्शनासाठी निवडाव्यात, तेथून १० हजार राज्य पातळीवर व १ हजार राष्ट्रीय पातळीवर जाव्यात आणि अखेर ६० पुरस्कारास पात्र ठराव्यात, अशी ही योजनेतील तजवीज आहे.

निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँकखात्यात थेट जमा होणारे १० हजार रुपये म्हणजे बक्षीस, हा दुसरा भ्रम. ती रक्कम कल्पनेला आकार देणारी प्रतिकृती तयार करण्यासाठी आणि जिल्हा प्रदर्शनास जाण्याच्या खर्चासाठी आहे. म्हणजे सरकार येथे यशाचे मोल देत नसून प्रयत्नाचा खर्च उचलते, आणि शालेय वयाच्या मुलावर असा विश्वास टाकणाऱ्या योजना आपल्याकडे फारशा नाहीत. बाजारातून तयार आणलेली प्रतिकृती किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली कल्पना अर्थातच येथे चालत नाही. थर्माकोलच्या ज्वालामुखीस रंग देण्यात रात्र जागविणाऱ्या पित्याचे वात्सल्य आदरणीय खरे, परंतु परीक्षकांस मुलाचे डोके पाहावयाचे असते. विद्यार्थ्यास परस्पर अर्जही करता येत नाही. मुख्याध्यापकांनी शाळेची नोंदणी करून नावे पाठवावी लागतात, सबब ज्या शाळेचे दप्तर या बाबतीत निद्रिस्त, तेथील हुशार मुलाचीही कल्पना वहीतच राहते.

‘इन्स्पायर’मधीलच उच्च शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीविषयीचा घोटाळा निराळ्या प्रकारचा आहे. दरसाल ८० हजार रुपयांची ही शिष्यवृत्ती ‘विज्ञान शाखे’ची, म्हणून अभियांत्रिकी व वैद्यकीय विद्यार्थीही तिच्याकडे आशेने पाहतात, प्रत्यक्षात ती भौतिकी, रसायन, गणित, जीवशास्त्र अशा मूलभूत विज्ञानांची पदवी घेणाऱ्यांसाठीच आहे. बारावीच्या मंडळ परीक्षेत अग्रभागी असलेले १ टक्का विद्यार्थी तीस पात्र ठरतात, तेव्हा गुणांस येथे मुळीच स्थान नाही असे म्हणता येणार नाही. परंतु अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत उच्च क्रमांक मिळविणाराही पात्र होतो तो त्या दाराने आत न जाता मूलभूत विज्ञानाकडे वळला तरच, हे कलम मोठे मार्मिक आहे. शिवाय या रकमेपैकी २० हजार रुपये उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी राखलेले असल्याने, सारी रक्कम खर्चास मोकळी आहे, हाही हिशेब चुकीचा.

राहिला नावांचा गोंधळ. १९९९ साली सुरू झालेली ‘किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना’ ही खरोखरच परीक्षेवर आधारलेली होती. ती २०२२ साली बंद होऊन ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. महाराष्ट्रात सहावी व नववीच्या मुलांसाठी होणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मात्र सरकारचीही नव्हे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीही नव्हे. ती मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या मंडळाची आहे. तिचे पदक मिळाले म्हणून ‘मानक’साठी कोणाचे नाव पुढे सरकत नाही, आणि न मिळाले म्हणून अडतही नाही.