नळाचे पाणी, बोअरचे पाणी आणि फिश टँक

टँकमधले निम्मे पाणी काढले, ताजे पाणी भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले, अशी तक्रार घेऊन दोन-तीन महिन्यांतून कोणीतरी आमच्याकडे येतेच. घरातली मुले रडून हैराण झालेली असतात. आजी म्हणते, घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले, आणि विषय तिथे संपतो. पुन्हा नवे मासे येतात, पुन्हा तेच घडते. गेली वीस वर्षे मी मासे पाळतो आहे. माझे म्हणणे एवढेच, की संकटाचा विचार नंतर करावा, आधी बादलीतले पाणी पाहावे.

पाणी 'जड' असते हे आपल्या स्वयंपाकघराला कधीचेच ठाऊक आहे. शेजारच्या अक्का उन्हाळ्यात बोअरचे पाणी आले की कुरकुरतात, 'ई नीराग ब्याळी बेयूदिल्ल!' डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्या मराठी पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणत, कन्नड शाळेत जाणारी मुले 'गडसु नीरु' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मासेवाले ते अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे साधारण ११ अंश. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. थेंब टाकून मोजण्याची छोटी बाटली ॲक्वेरियमच्या दुकानात मिळते. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, बहुतेक बाटल्यांत एक थेंब म्हणजे एक अंश.

आमच्या नळाला राकसकोपचे पाणी येते. पश्चिमेकडच्या पावसाचा तो साठा, म्हणून मृदू. माझ्या मोजणीत ३ अंश भरते. वीस पावलांवरच्या बोअरचे १८! आठवडाभर नळ आला नाही की माणसे बोअरकडे वळतात आणि टँकमध्येही तेच पाणी जाते. गडबड इथे होते.

पाण्यात आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे कार्बोनेट. तिची बाटली वेगळी. कार्बोनेट म्हणजे टँकची बँकेतली शिल्लक समजा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू तो पचवतात आणि त्यातून आम्ल निघते. हे आम्ल कार्बोनेट रोज थोडे थोडे फेडत असते. मृदू पाण्यात मुळात शिल्लक कमी. महिनोन्महिने पाणी बदलले नाही तर ती संपते आणि पाणी आम्लधर्मी होते. अशा पाण्यात जिवाणू मंदावतात, अमोनिया साचतो. पण आम्लात तो अमोनियमच्या रूपात, बराच निरुपद्रवी राहतो, म्हणून मासे हिंडताना दिसतात. मग रविवारी आपण हौसेने बोअरचे पाणी भरतो. आम्लता एकदम उतरते, साचलेल्या अमोनियमचा पुन्हा जहरी अमोनिया होतो आणि मासे जातात. ताज्या पाण्याने मारले असे वाटते. खरा घात जुन्या पाण्याने आधीच करून ठेवलेला असतो. शिवाय क्षारांचे प्रमाण एकाएकी बदलले की माशाच्या शरीरातला पाण्याचा तोल बिघडतो, तो मार वेगळाच.

म्हणून दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे आणि नवे पाणी शक्यतो जुन्याच्या जवळचे असावे. मी एक बादली बोअरचे आणि दोन बादल्या नळाचे मिसळतो. १८ आणि दोनदा ३, मिळून २४, भागिले तीन, म्हणजे ८ अंश. हा हिशेब पाचवीतला मुलगाही करील, आणि त्यालाच करू द्यावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणारे औषध मात्र विसरू नये.

काहीजण सरळ आरओचे पाणी ओततात. त्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणजे शिल्लक शून्यावर. ते मिसळण्यापुरतेच वापरावे. केसांसाठी बसवलेल्या सॉफ्टनरचे पाणीही टँकमध्ये नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते. आणि आरओवाला पेनासारखे यंत्र बुडवून जो टीडीएसचा आकडा सांगतो, तो सगळ्या क्षारांचा असतो, जडपणाचा नव्हे.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. काचेवरची पांढरी रेघ त्याचीच. पन्नास लिटरच्या टँकमधून आठवड्याला पाच लिटर उडाले आणि तेवढेच बोअरचे घातले, तर दहा आठवड्यांत हिशेबाने १८ चे ३६ अंश होतात. उडालेल्या पाण्याची भर नळाच्या किंवा आरओच्या पाण्यानेच घालावी.

आता मासे कोणते? पाणी माशाजोगते करण्यापेक्षा पाण्याजोगता मासा आणणे शहाणपणाचे. फक्त बोअर असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी आणावेत. डासांसाठी विहिरीत सोडतात तेच हे गप्पी, जड पाण्यात मजेत राहतात. मॉली मात्र फार मृदू पाण्यात अंग थरथरवत एका जागी झुलत बसते. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातला. टँकमध्ये वाढवलेला आठ-दहा अंश सोसतो, अठरात त्याला कोंडू नये.

कारवार-मालवणहून मुलांनी आणलेले शिंपले टेट्राच्या टँकमध्ये टाकू नयेत, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसले तर त्यात चुना आहे. याउलट नळाच्याच पाण्यावर गोगलगायी पाळल्या आणि त्यांच्या शंखावर खड्डे पडू लागले, तर तेच शिंपले धुऊन, फडक्यात बांधून फिल्टरजवळ ठेवावेत. दर आठवड्याला मोजत राहावे आणि आकडा चढला की पुरचुंडी काढून घ्यावी.