निर्वैर परमेश्वर : शीख व ख्रिस्ती शिकवणुकीतील एक भेट

इसवी सन १६०६ च्या सप्टेंबर महिन्यात लाहोरहून एक पत्र गोव्याकडे निघाले. ते लिहिणारे येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातले. पत्र होते गोव्यातील आपल्या वरिष्ठांना. मोगल दरबारातील घडामोडी कळविणे हा त्यांचा परिपाठच होता. त्या वर्षी शाहजादा खुस्रोने आपला पिता जहांगीर याच्याविरुद्ध बंड केले होते. त्या बंडाच्या वार्तेच्या ओघात लाहोरात मरण पावलेल्या एका धर्मगुरूची हकीकत पत्रात आली. ते धर्मगुरू म्हणजे शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव. युरोपातील वाचकाला कळावे म्हणून फादर झेवियर यांनी त्यांना त्या लोकांचे जणू ‘पोप’च म्हटले. पळत्या राजपुत्रावर त्यांनी दाखविलेली मर्जी, त्यामुळे ओढवलेला बादशहाचा कोप, जबर दंड, त्या दंडाला जामीन राहिलेला एक धनिक, पुढे छळ आणि मृत्यू, एवढा तो वृत्तांत आहे. गुरूंच्या शिकवणुकीविषयी त्यात जवळजवळ काही नाही.

ही उणीव आज वाचताना मनाला लागते. क्रूसावर खिळलेल्या प्रभूचा सेवक आणि परमेश्वराची इच्छा शिरोधार्य मानून यातना सोसणारा एक पुरुष असे दोघे एकाच शहरात होते. पण पहिल्याने दुसऱ्यात पाहिले ते दरबारी राजकारण. तो दोष एकट्या झेवियरांचा म्हणता येणार नाही. त्या काळी परधर्माकडे पाहण्याची दृष्टीच तशी होती, आणि ती सर्वच बाजूंनी होती.

झेवियरांनी विचारले असते, तर त्यांना काय ऐकावयास मिळाले असते? अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १६०४ साली, गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथाची संहिता सिद्ध करून ती अमृतसरच्या हरिमंदिरात स्थापिली होती. तिच्या आरंभीच गुरू नानकांचा मूलमंत्र आहे. परमेश्वर एक आहे, सत्य हे त्याचे नाम आहे, तो कर्ता आहे, असे सांगून पुढे त्याला दोन विशेषणे लाविली आहेत : निर्भय आणि निर्वैर. ही दोन शेजारी शेजारी यावीत, यात फार मोठा अर्थ आहे. मनुष्याचे वैर बहुधा भयातून जन्मते. ज्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही त्याने भ्यावे कोणाला? आणि ज्याला भय नाही त्याने वैर तरी कोणाशी धरावे? सर्वसमर्थ ईश्वराची कल्पना पुष्कळ धर्मांत आहे; परंतु सामर्थ्यातूनच निर्वैरता निघते, हा विचार इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच आढळेल.

ख्रिस्ती वाचकाला येथे पर्वतावरील प्रवचन आठवल्यावाचून राहणार नाही. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा देताना प्रभू येशू जे कारण सांगतो ते नीतीचे नसून ईश्वराच्या स्वभावाचे आहे. स्वर्गातील पिता सज्जन-दुर्जन दोघांवरही आपला सूर्य उगवितो व पाऊस पाडितो. म्हणून त्याच्या लेकरांनीही तसेच व्हावे. शिखांच्या शिकवणुकीतही निर्वैर परमेश्वराचे स्मरण करणाऱ्याने स्वतः निर्वैर होणे अपेक्षित आहे. दोन्हीकडे भक्ताचे आचरण ईश्वराच्या स्वरूपावरून ठरते.

दुसरे साम्य ईश्वरी इच्छेसंबंधी आहे. शीख तिला ‘हुकम’ किंवा ‘भाणा’ म्हणतात. हे शब्द ऐकून एखाद्याला निव्वळ दैववाद वाटेल, पण तसे नाही. भाणा गोड मानणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. मीपणाचा, ज्याला ते ‘हउमै’ म्हणतात त्याचा, त्याग करणे होय. तापलेल्या लोखंडावर बसविले असता गुरू अर्जनदेवांनी हाच भाव धरला, असे शीख परंपरा सांगते. त्यांच्या हौतात्म्याच्या स्मरणदिनी, ऐन उन्हाळ्यात, शीख बांधव रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला, जातधर्म न पुसता, थंड गोड सरबत देतात. ज्याला चटके दिले त्याच्या स्मरणार्थ परक्याला गारवा द्यावयाचा! निर्वैर या शब्दाचे याहून सुबोध भाष्य सापडणे कठीण. ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांपुढे अशा वेळी गेथशेमाने बाग उभी राहते. तेथे प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनविले, आणि तरीही स्वतःच्या इच्छेपेक्षा पित्याची इच्छा वर ठेविली.

कृपेविषयीही असेच. नानकांच्या मते मनुष्याच्या कर्माला फळ आहे. पण मुक्ती मिळते ती ईश्वराच्या ‘नदरी’ने, म्हणजे कृपादृष्टीने. फारसी ‘नजर’चेच हे पंजाबी रूप. तारण हे पुण्याईची मजुरी नसून देणगी आहे, हे संत पौलाचे प्रतिपादन आणि त्यावरील संत ऑगस्टीन यांचे विवेचन ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना नानक परके वाटणार नाहीत. मराठी वाचकाला तर ते मुळीच परके वाटू नयेत. कारण आदिग्रंथात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे सन्मानाने समाविष्ट आहेत.

मात्र एवढ्यावरून दोन्ही धर्म एकच सांगतात असे म्हणणे हा सोपा मार्ग झाला, आणि तो दोघांवरही अन्याय करणारा आहे. मूलमंत्रात परमेश्वराला ‘अजूनी’ म्हटले आहे. तो कोणत्याही योनीतून जन्मास येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा तर कणाच हा की, देवाचा शब्द कुमारी मरियेच्या उदरी मनुष्य झाला. त्रैक्याचा सिद्धांत समजावून सांगता येतो. ख्रिस्ती लोक तीन देव मानीत नाहीत, एवढे तरी शीख बंधूला पटविता येते. पण देहधारण हा समजुतीचा घोटाळा नाही. तो खरा मतभेद आहे. पुनर्जन्माविषयीही तसाच मतभेद आहे.

तथापि या मतभेदाच्या ठिकाणीही एक विलक्षण जवळीक आहे. ‘शब्द’ हा दोहोंच्या केंद्रस्थानी आहे. १७०८ साली नांदेड येथे गोदातीरी देह ठेवण्यापूर्वी गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा संपविली आणि गुरुपद ग्रंथाला दिले. तेव्हापासून शीख मस्तक नमवितो ते शब्दापुढे. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभही शब्दानेच होतो. पण तेथे शब्द देही होऊन माणसांत राहतो. शब्द हाच मार्गदर्शक, येथवर दोघे बरोबर चालतात, आणि नंतर वाट फुटते. वाट कोठे फुटते हे नीट ठाऊक असलेले दोन प्रवासी एकमेकांशी अधिक मोकळेपणाने बोलू शकतात, असे म्हणण्यास हरकत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले त्यात शीख धर्माचा नामनिर्देश नाही. पण अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा कॅथलिक चर्च अव्हेर करीत नाही, ही त्यातील भूमिका शिखांनाही लागू पडते.

पुस्तकी चर्चेपेक्षा हे सारे भोजनाच्या जागी अधिक चटकन कळते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात किंवा बिदरच्या नानक झिऱ्याला गेलेला ख्रिस्ती यात्रेकरू सर्वांबरोबर जमिनीवर पंगतीस बसतो. पंगत हा शब्द शिखांचाही आहे आणि आपलाही. कोणी त्याचा धर्म विचारीत नाही. कडाह प्रसाद पुढे आला की तोही दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे करतो. याउलट मिस्साच्या वेळी चर्चमध्ये आलेल्या शीख पाहुण्याला कॅथलिक मनुष्य वेदीवरील पवित्र भाकर देऊ शकत नाही. ती त्याच्या दृष्टीने प्रसाद नसून प्रत्यक्ष प्रभूचे शरीर आहे. घरच्या माणसाला हे पाहुण्यास सांगताना थोडे अवघड वाटते. पाहुणा बहुधा आपल्या जागीच हात जोडून, पगडी बांधलेले मस्तक लववून उभा राहतो, आणि उपासना संपल्यावर दोघे बाहेर येऊन एकत्र चहा घेतात.